पाचरकोफलच्या उतारावर एक पारोळेकर

मे महिन्यातली दुपार. पारोळ्याच्या किल्ल्यात तुम्ही तटाची सावली धरून बसला आहात, डोक्यावर ओला रुमाल. उठा. समोरच्या कमानीतून वाकून पलीकडे पाऊल टाका. पायाखाली कचकच वाजलं? तो बर्फ आहे. गुरुवार, ५ फेब्रुवारी १९७६, ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक. रुमाल आता कानांभोवती गुंडाळा.

भोवती साठेक हजार माणसं आहेत आणि सगळ्यांच्या माना डोंगराकडे वळलेल्या. डोंगराचं नाव पाचरकोफल. हिवाळी ऑलिम्पिकमधली स्कीची डाउनहिल शर्यत सुरू आहे. प्रत्येकाने एकट्याने, एकदाच उतरायचं. समोर प्रतिस्पर्धी नाही, फक्त घड्याळ. मार्ग तीन किलोमीटरहून थोडा जास्त आणि उतार ८७० मीटरचा, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्या उंचीहूनही अधिक. इतकं खाली यायला पावणेदोन मिनिटं पुरतात.

या खेळांत भारताचं कुणी नाही. तिकडे देशात आणीबाणी आहे आणि या शर्यतीची बातमी पारोळ्यात कुणाच्या कानावरही जायची नाही. पण बारा वर्षांपूर्वी, १९६४ मध्ये, इथे इन्सब्रुकमध्येच येरेमी बुजाकोव्स्की नावाचा पोलिश वंशाचा तरुण भारताचा पहिला हिवाळी ऑलिम्पिकपटू म्हणून उतरला होता. शेजारच्या ऑस्ट्रियन आजोबांना हे सांगून पाहा. विश्वास ठेवणार नाहीत.

स्वित्झर्लंडच्या बर्नहार्ड रुसीने १ मिनिट ४६.०६ सेकंदांत उतरून सगळ्यांना मागे टाकलंय. चार वर्षांपूर्वीचं सुवर्णही त्याचंच. आता पंधरावा येतोय, पहिल्या गटातला शेवटचा. पिवळा अंगाबरोबरचा पोशाख, वय २२, फ्रान्झ क्लामर. कॅरिंथियातल्या मोसवाल्ड नावाच्या डोंगराळ वाडीतल्या शेतकऱ्याचा पोरगा. मागच्या हंगामात विश्वचषकाच्या नऊ डाउनहिलपैकी आठ त्याने जिंकल्यात. त्यामुळे दुसरा आला तरी देश तोंड फिरवेल. चौदा जण उतरून गेल्यावर मार्गाला चऱ्या पडल्यात, बर्फ खरवडून निघालाय.

सुटला. आणि हे पाहताना तुमच्या तोंडून निघतं, ‘आते पडस हाऊ!’ एक पाय हवेत, हात पंख्यासारखे फिरतायत, धड एकीकडे आणि स्की दुसरीकडे. अर्ध्यावरच्या वेळेत तो रुसीच्या मागे आहे. स्कीची पोलादी कड बर्फात नेमकी रुतली तर वळण मिळतं. जरा जास्त घासली की वेग गेला. बालाजीच्या रथाला मोगरी लावणाऱ्यांचा हिशेब तुम्हाला ठाऊक आहे: लाकूड चाकाखाली किती सरकवायचं, रथ वळवायचा पण अडवायचा नाही. इथे मोगरी लावणारा, रथ आणि चाक एकच माणूस आहे, आणि वेग सरासरी ताशी शंभर किलोमीटरच्या वर.

शेवटच्या टप्प्यात तो ठरलेला मार्ग सोडून कडेच्या कुंपणाला जवळजवळ खेटून येतो. घड्याळ थांबतं: १ मिनिट ४५.७३. रुसीपेक्षा एका सेकंदाचा तिसरा हिस्सा कमी. साठ हजार माणसं एकदम ओरडतात. तुम्हीही ओरडा, इथे तुम्हाला कोण ओळखतंय!

बहुतेक लोक क्लामरची गोष्ट इथेच संपवतात. माझ्या मते ती इथून जरा वेगळ्या वाटेने सुरू होते, म्हणून तुम्हाला परत पाठवत नाही. १९७७ मध्ये चला, पण फार वेळ थांबू नका. त्याचा भाऊ क्लाउस शर्यतीत पडलाय आणि कमरेखाली लुळा झालाय. १९७८ पर्यंत फ्रान्झ विश्वचषकातलं डाउनहिलचं जेतेपद राखतो, सलग चौथं, आणि मग विजय थांबतात. का थांबले, याची उत्तरं पत्रकारांनी भरपूर दिली. मला एकही पटत नाही.

१९८०. अमेरिकेतलं लेक प्लॅसिड. ऑस्ट्रियाच्या चमूत गतविजेत्याचं नाव नाही! सुरुवातीला राखीव म्हणून आलेला लिओनहार्ड श्टॉक डाउनहिलचं सुवर्ण घेऊन जातो. चार वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी देशाचा श्वास अडकला होता त्याच्यावाचूनही देश जिंकला. जगातला कोणताही खेळाडू ही गोष्ट पोटात घालून गप्प राहू शकतो, असं मला वाटत नाही. फारच थोडे पुन्हा स्की बांधतात.

म्हणून डिसेंबर १९८१ मध्ये फ्रान्सच्या वाल दिझेरला आणतोय तुम्हाला. गर्दी इन्सब्रुकइतकी नाही. अंगावरचा पोशाख वेगळा, चेहरा थकलेला, आणि क्लामर जिंकतो. हा विजय मला ऑलिम्पिकच्या सुवर्णाहून मोठा वाटतो. १९७६ चं सुवर्ण सगळ्यांना त्याच्याकडून हवं होतं. हा विजय फार कुणी मागितलाच नव्हता. पुढे १९८३ मध्ये डाउनहिलचा विश्वचषक पाचव्यांदा त्याच्या हातात येतो.

आता किट्झब्यूल, जानेवारी १९८४. श्ट्राइफ हा मार्ग डाउनहिलमधला सगळ्यात भीतिदायक. सुटताच काही सेकंदांत माणूस कड्यावरून हवेत जातो आणि समोर बर्फ नाही, खाली गाव दिसतं. इथे क्लामर तीनदा जिंकून गेलाय, १९७५, ७६ आणि ७७ ला. आज वय ३०, आणि पुन्हा जिंकतो तोच. विश्वचषकातला हा त्याचा पंचविसावा डाउनहिल विजय आणि शेवटचाही. पुढच्या वर्षी त्याने शर्यती सोडल्या आणि काही काळ मोटारींच्या शर्यती धरल्या.