विदर्भ विकास मंडळ

विदर्भ विकास मंडळ (स्थापनेच्या वेळचे नाव विदर्भ वैधानिक विकास मंडळ) हे महाराष्ट्रातील विदर्भ विभागासाठी भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) अन्वये स्थापन झालेले मंडळ होते. त्याचे मुख्यालय नागपूर येथे होते. मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठीही अशीच मंडळे नेमण्यात आली. राज्याच्या विकासखर्चाचे तिन्ही विभागांत समन्यायी वाटप होते की नाही, हे पाहणे आणि विभागाच्या मागासलेपणाचे मोजमाप करणे हे या मंडळांचे मुख्य काम होते. १९९४ मध्ये अस्तित्वात आलेल्या या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

पार्श्वभूमी

नागपूर हे १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड आणि त्यानंतरच्या मध्य प्रदेश राज्याच्या राजधानीचे शहर होते. मराठी भाषकांच्या एका राज्यात सामील होताना विदर्भाचे स्थान काय राहील, हा प्रश्न २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर कराराच्या मुळाशी होता. शासकीय खर्च विभागवार लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे आणि विधिमंडळाचे दरवर्षी किमान एक अधिवेशन नागपुरात भरावे, असे त्यात ठरले. राज्य पुनर्रचना आयोगाने मात्र १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने विकास मंडळांची तरतूद घटनेत आली. नागपुरातील हिवाळी अधिवेशन १९६० पासून भरू लागले. मंडळ स्थापन होण्यास मात्र आणखी चौतीस वर्षे लागली.

अनुशेषाची मोजणी

या विषयातील कळीचा शब्द 'अनुशेष' हा आहे. राज्याच्या सरासरीपेक्षा एखादा जिल्हा रस्ते, सिंचन, आरोग्य, शिक्षण आदी बाबतींत जितका मागे असेल, ती तूट भरून काढण्यास लागणारी रक्कम म्हणजे अनुशेष. राज्य शासनाने १९८३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ च्या अहवालात तिने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा १,२४६.५५ कोटी (३९.१२ टक्के), मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी (२३.५६ टक्के) आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी (३७.३२ टक्के) होता.

शेवटचा आकडा लक्षात घेण्याजोगा आहे. तुलनेने पुढारलेल्या मानल्या गेलेल्या विभागाचा वाटा मराठवाड्यापेक्षा मोठा निघाला, कारण समितीने विभाग नव्हे तर जिल्हा हा घटक धरला होता आणि त्या विभागातही मागास जिल्हे होतेच. घटक बदलला की निधीचा दावेदार बदलतो, हे येथे प्रथम स्पष्ट झाले. विदर्भातील टीकाकारांचा आक्षेपही याच निवडीवर होता. २६ जुलै १९८४ रोजी विधिमंडळाने विकास मंडळांच्या स्थापनेसाठी एकमताने ठराव केला.

स्थापना आणि अधिकार

राष्ट्रपतींचा आदेश ९ मार्च १९९४ रोजी आणि राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचा मंडळ स्थापनेचा आदेश ३० एप्रिल १९९४ रोजी निघाला. विधिमंडळ सदस्य, विविध क्षेत्रांतील तज्ज्ञ आणि विभागीय आयुक्त यांचा मंडळात समावेश असे. मंडळाने वार्षिक अहवाल द्यायचा आणि तो विधानसभेपुढे ठेवायचा. निधीवाटप, तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या सोयी आणि शासकीय सेवेतील संधी यांबाबतची विशेष जबाबदारी घटनेने राज्यपालांकडे सोपवली आहे. मंडळाची भूमिका त्यामुळे शिफारशीची राहिली. तिजोरीची किल्ली त्याच्याकडे कधीच नव्हती.

निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ हे पायाभूत वर्ष धरून नव्याने मोजणी केली. एकूण अनुशेष आता सुमारे १४ हजार कोटी रुपयांवर गेला आणि त्यातील जवळपास निम्मा विदर्भाचा होता. या आधारावर राज्यपालांनी १५ डिसेंबर २००१ पासून निधीवाटपाचे निर्देश देण्यास प्रारंभ केला. रस्ते, आरोग्य अशा क्षेत्रांतील आर्थिक अनुशेष पुढे बराचसा भरून निघाला. सिंचनाचे तसे झाले नाही. तरतूद झाली तरी भूसंपादन, वनजमिनीची परवानगी आणि अपुरी यंत्रणा यांमुळे ती खर्ची पडत नसे. अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांचा भौतिक अनुशेष म्हणजे प्रत्यक्ष सिंचनक्षमतेची तूट वर्षानुवर्षे टिकून राहिली.

नागपूर शहर आणि विभागीय निधी

मंडळाचे मुख्यालय असलेले नागपूर शहर या हिशोबात अवघड जागी होते. सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, मृदसंधारण, पशुवैद्यकीय सेवा या निकषांत शहरी अर्थव्यवस्थेला फारशी जागा नव्हती. मागास विभागातील सर्वांत पुढारलेला जिल्हा म्हणून नागपूरची सरासरीही बरी दिसे. १८७७ मध्ये सुरू झालेली टाटांची एम्प्रेस मिल आणि तिच्यासारख्या इतर गिरण्या बंद पडून शहराने गमावलेला रोजगार अनुशेषाच्या कोणत्याही तक्त्यात बसत नव्हता. रस्त्याची लांबी मोजता येत होती, गेलेली नोकरी नाही.

शहराच्या आर्थिक विकासाचा पैसा त्यामुळे वेगळ्या वाटांनी आला. १९६४ पासूनच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांची मागासलेपणानुसार प्रतवारी करून उद्योगांना अनुदान व करसवलत दिली जाते. बुटीबोरीसारख्या औद्योगिक क्षेत्रांना या धोरणाचा आधार होता. मिहान प्रकल्पासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान आणि नंतर स्मार्ट सिटी अभियान यांतून केंद्राचा निधी मिळाला, तर मेट्रो ही केंद्र व राज्य यांच्या समान भागीदारीतील कंपनीमार्फत उभी राहिली. यांपैकी बहुतेक निर्णय मुंबई व दिल्लीत प्रकल्पनिहाय झाले. समन्यायी वाटपाचे सूत्र त्यांना लागू नव्हते.

केळकर समिती आणि मुदतसमाप्ती

विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. तिने जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक सुचवला. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण तालुकेही निधीचे दावेदार ठरतील, अशी हरकत विदर्भ व मराठवाड्यातून घेतली गेली. मंडळांना वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. २०२० मध्ये ती मिळाली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिन्ही मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. मात्र अनुच्छेद ३७१(२) नुसार यासाठी राष्ट्रपतींचा आदेश आवश्यक असल्याने अंतिम निर्णय केंद्राच्या संमतीवर अवलंबून असतो.