बोस्टनचं बर्फ मुंबईत न वितळता पोचलं कसं?

मित्रांनो, आज एक जुनं कोडं घेऊ. भोंगवलीत उन्हाळ्यात बर्फाचा गोळा हातात घ्या. खाऊन संपायच्या आतच तो मनगटावरून ओघळायला लागतो. मग 1833 साली बोस्टनहून निघालेलं 'टस्कनी' नावाचं जहाज सुमारे 180 टन बर्फ घेऊन चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं, तेव्हा त्यातलं 100 टनांच्या आसपास बर्फ शिल्लक कसं राहिलं? पुढच्याच वर्षी असं बर्फ मुंबईतही उतरलं. व्यापारी होता फ्रेडरिक ट्यूडर.

बहुतेक जण पटकन उत्तर देतात, 'भुश्यात गुंडाळलं होतं म्हणून.' उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. संशोधनाची तयारी करताना अशाच उत्तरापाशी थांबायचं नसतं. आपण तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न: हे बर्फ कापलं कसं? दहावीच्या पुस्तकातलं होपचं उपकरण आठवतंय ना? थॉमस होपने 1805 च्या सुमारास एडिंबरोत दाखवून दिलं की पाण्याची घनता 4 अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जास्त असते. ट्यूडरच्या डोक्यात बर्फाचा धंदा आला तोही 1805 मध्येच, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता! 4 अंशांच्या खाली पाणी हलकं होतं, वर राहतं आणि वरच गोठतं. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून बर्फ तरंगतं. बहुतेक पदार्थांचं घनरूप स्वतःच्या द्रवात बुडतं. पाणीही तसंच वागलं असतं, तर तळ्यावर घोडा चालवून कापायला बर्फाची लादी मिळालीच नसती.

दुसरा प्रश्न: ते टिकलं कसं? 1760 च्या दशकात जोसेफ ब्लॅकने अप्रकट उष्मा ओळखला. 0 अंशाचं 1 ग्रॅम बर्फ नुसतं वितळवायला सुमारे 80 कॅलरी लागतात, आणि तोवर तापमान जराही वाढत नाही. वजनाला वजन धरलं तर शिसं वितळवायला याच्या साधारण पंधराव्या हिश्श्याइतकीच उष्णता पुरते. आता वहीत हिशोब करा. जहाजावर चार महिन्यांत 80 टन वितळलं. बर्फाचा अप्रकट उष्मा शिशाइतका असता, तर तेवढ्याच उष्णतेत जवळपास 1200 टन वितळलं असतं. म्हणजे 180 टनांचा सगळा माल तीन आठवड्यांच्या आत पाणी! मग भुसा काय करणार?

तिसरा प्रश्न: गोळा का टिकत नाही? कारण पृष्ठभाग. 180 टनांचा एक घन ठोकळा कल्पा आणि त्याचे किलो-किलोचे तुकडे करा. हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग पन्नासपटीहून जास्त होतो. म्हणून जहाजात लाद्या एकमेकींना घट्ट चिकटवून रचत.

या सगळ्याच्या मुळाशी रेणूंमधले हायड्रोजन बंध आहेत. बर्फात ते रेणूंना पोकळ जाळीत धरून ठेवतात, म्हणून बर्फ हलकं. आणि ती जाळी मोडायला उष्णता जास्त लागते. पण ही कल्पना आली 1920 मध्ये. तोवर यंत्रांनी तयार केलेल्या बर्फाने ट्यूडरचा धंदा कधीच संपवला होता. म्हणजे ट्यूडरने ज्या गुणधर्मावर पैसा कमावला, त्याचं कारण त्याला ठाऊक नव्हतं.

इथेच आपल्यासाठी धडा आहे. जुन्या कागदपत्रांत माणसं, जहाजं, भाव सापडतात. पदार्थाचा स्वभाव मात्र कुणी लिहून ठेवत नाही, कारण तो सगळ्यांनी गृहीत धरलेला असतो. व्यापाऱ्याची हुशारी किती आणि पाण्याची देणगी किती, हे हिशोब केल्याशिवाय वेगळं काढता येत नाही. इतिहास घेतलात म्हणून विज्ञानाची वही रद्दीत देऊ नका.

जाता जाता एक काम देतो. घरातला माठ बघा. पाणी गार का होतं, आणि पावसाळ्यात तेवढं गार का होत नाही? आधी स्वतः कारण लिहा, मगच पुस्तक उघडा.