नावांची यादी कोणाच्या हाती?

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये एक लहानसा कायदा केला. गर्भपाताच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरची इच्छा असेल, तर बाटलीवरच्या चिठ्ठीत त्याचे स्वतःचे नाव न छापता दवाखान्याचे नाव छापता येईल, एवढाच त्याचा आशय. त्याआधी काही दिवस, जानेवारीत, लुईझियाना राज्यातील ग्रँड ज्यूरीने न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरवर अशाच गोळ्या पाठविल्याबद्दल आरोप ठेवले होते. बाटलीवर छापलेल्या नावावरून लुईझियानाचे अधिकारी डॉक्टरपर्यंत पोहोचले होते. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी डॉक्टरला लुईझियानाच्या ताब्यात देण्यास नकार दिला आणि पुढच्या बाटल्यांवर नाव छापले जाऊ नये याची तजवीज केली.

ही बातमी सहसा 'बाईचा हक्क की गर्भाचा हक्क' या चौकटीत वाचली जाते. ती चौकट खोटी नाही. पण तिच्यात एक प्रश्न हरवतो. जो डॉक्टर, जी परिचारिका, जी कार्यकर्ती हे काम करते, तिला आपले नाव झाकून ठेवण्याचा हक्क कायद्याने का द्यावा? आणि हा हक्क आला कुठून? वकिलांच्या पुस्तकात त्याला 'प्रायव्हसी' हे सभ्य नाव आहे. बंगल्याचे फाटक, खिडकीचा पडदा, 'आत येऊ नका' अशी पाटी, असे काहीसे त्या शब्दाने डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात या हक्काचे एक मूळ बंगल्यात नाही. ते अलाबामातील काळ्या माणसांच्या एका संघटनेच्या कचेरीत आहे.

ती संघटना म्हणजे एन. ए. ए. सी. पी. तिच्या संस्थापकांतील डू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. १९५५-५६ मध्ये माँटगोमेरी शहरात काळ्यांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला, आणि १९५६ मध्येच अलाबामाच्या सरकारी वकिलाने संघटनेला राज्यातून हाकलण्यासाठी दावा लावला. कारण दाखविले ते अगदी साळसूद : परप्रांतीय संस्थेने नोंदणीचे नियम पाळले नाहीत. मग कोर्टाने कागदपत्रे मागितली. संघटनेने जवळजवळ सगळे दिले, पदाधिकाऱ्यांची नावेही दिली. एकच गोष्ट दिली नाही : साध्या सभासदांची यादी. कोर्टाने दहा हजार डॉलर दंड ठोठावला, तरी यादी मिळाली नाही. दंड एक लाखावर गेला.

एवढे पैसे भरण्याची तयारी का ठेवावी लागली, हे खेड्यातून आलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. यादी सरकारदरबारी गेली की ती गावात येते. शेतमालक ती वाचतो, दुकानदार वाचतो, शाळेचा संचालक वाचतो. काम सुटते, उधारी बंद होते, घर रिकामे करावे लागते, आणि रात्री कोणी दार ठोठावले तर ते उघडावे की नाही हे ठरवावे लागते. ३० जून १९५८ रोजी सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की अलाबामाला ही यादी मागता येणार नाही. न्या. हार्लन यांनी हाच अनुभव आधाराला घेतला : पूर्वी ज्यांची नावे उघड झाली त्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांना धमक्या आल्या.

या निकालातील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या तीस वर्षे आधी, १९२८ मध्ये, याच सुप्रीम कोर्टाने कू क्लक्स क्लॅनच्या सभासदांची यादी मागणारा न्यूयॉर्क राज्याचा कायदा योग्य ठरविला होता. अलाबामाच्या वकिलांनी अर्थातच तो निकाल पुढे केला : क्लॅनची यादी उघडता येते, तर काळ्यांची का नाही? कोर्टाने उत्तर दिले की ती संघटना लोकांना धाकदपटशा दाखविणारी होती, ही तशी नाही. म्हणजे मुखवटा घालून मारायला येणाऱ्याचे नाव उघडायचे, आणि ज्याला मार बसणार त्याचे झाकायचे. 'कायद्यापुढे सगळे सारखे' या वाक्याचा आपल्याकडे जो यांत्रिक अर्थ लावला जातो, त्याला हे उत्तर आहे.

पुढची पायरी १९६५ सालची. कनेक्टिकट राज्यात संततिनियमनाची साधने वापरणे गुन्हा होता, आणि ती वापरायला मदत करणेही गुन्हा. न्यू हेवनमधील दवाखाना चालविणाऱ्या एस्टेल ग्रिसवोल्ड आणि डॉ. ली बक्स्टन या दोघांना प्रत्येकी शंभर डॉलर दंड झाला. ज्या खटल्याने अमेरिकेत विवाहित स्त्री-पुरुषांचा खाजगीपणाचा हक्क उभा राहिला, त्यातील आरोपी नवराबायको नव्हते, सेवा देणारी माणसे होती. न्या. डग्लस यांनी त्या निकालपत्रात खाजगीपणाचा हक्क घटनेत कुठे आहे हे शोधताना जे दाखले दिले, त्यांत १९५८ चा अलाबामाचा निकाल आहे. या निकालाच्या खांद्यावर १९७३ चा गर्भपाताचा निकाल, 'रो विरुद्ध वेड', उभा राहिला. स्त्रीमुक्तीचा इतिहास सांगताना ग्रिसवोल्ड आणि रो ही नावे येतात. अलाबामाचे नाव तळटिपेत जाते.

तळटिपेत गेलेला आणखी एक माणूस आहे. डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड हे मिसिसिपीतील माउंड बायू या काळ्यांच्या गावातले शल्यविशारद. १९५५ मध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला, तेव्हा साक्षीदारांना आसरा मिळाला तो त्यांच्या घरात. जिवावर बेतल्यावर ते शिकागोला गेले. तिथे ते कायदा झुगारून सुरक्षित गर्भपात करीत. १९६४ आणि १९६५ मध्ये त्यांना अटक झाली, शिक्षा मात्र झाली नाही. १९६५ मध्येच हेदर बूथ या विद्यार्थिनीने एका मित्राच्या अडलेल्या बहिणीसाठी डॉक्टर शोधला, तो हॉवर्ड यांच्यात सापडला. त्यातून पुढे 'जेन' या नावाने ओळखला जाणारा बायकांचा गट उभा राहिला. जेन नावाची बाई कोणीच नव्हती. फोन करणारीने जेनला विचारायचे. ते सगळ्यांचे मिळून एक नाव होते. या गटाने १९७३ पर्यंत सुमारे अकरा हजार गर्भपात केले. चालविणाऱ्या बहुतेक गोऱ्या. पण १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये गर्भपात कायदेशीर झाल्यावर ज्यांना विमानाचे भाडे परवडले त्या तिकडे गेल्या, आणि जेनकडे येणाऱ्यांत शिकागोच्या गरीब काळ्या बायका वाढल्या. मे १९७२ मध्ये पोलिसांनी धाड घातली आणि सात जणींना पकडले. पोलिसांच्या गाडीत बसल्या बसल्या त्यांनी बायकांची नावे-पत्ते लिहिलेली कार्डे फाडली आणि चावून गिळली. अलाबामातल्या संघटनेजवळ वकील होते, सुप्रीम कोर्ट होते. या सात जणींजवळ दात होते.

गर्भपात कायदेशीर झाल्यावर यादी उलट्या बाजूने आली. ती आता सरकार मागत नव्हते. विरोधक स्वतःच छापत होते. पेन्साकोला येथील डॉ. डेव्हिड गन यांचे नाव आणि छायाचित्र असलेली, फरारी गुन्हेगाराची असते तशी भित्तिपत्रके वाटली गेली, आणि मार्च १९९३ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. जॉर्ज पॅटरसन, जुलै १९९४ मध्ये डॉ. जॉन ब्रिटन आणि त्यांच्याबरोबर असलेले जेम्स बॅरेट मारले गेले. आधी भित्तिपत्रक, मग गोळी. पुढे संकेतस्थळावर डॉक्टरांची मोठी यादीच लावण्यात आली. जखमी झालेल्यांची नावे राखाडी अक्षरांत, मेलेल्यांच्या नावावर रेघ. ऑक्टोबर १९९८ मध्ये बफेलोजवळ डॉ. बार्नेट स्लेपियन यांना त्यांच्या घरात गोळी लागली, आणि त्यांच्याही नावावर रेघ पडली.

डॉक्टरांनी ओरेगनमध्ये दावा लावला. ज्यूरीने १९९९ मध्ये शंभर दशलक्ष डॉलरांहून अधिक भरपाई ठरविली. विरोधकांचा बचाव असा : आम्ही कुठेही 'मारा' असे लिहिलेले नाही, नावे प्रसिद्ध करणे हे भाषणस्वातंत्र्य आहे. आणि या बचावाचा मुख्य आधार काय असावा? पुन्हा काळ्यांच्याच लढ्यातला एक खटला.

मिसिसिपीतील पोर्ट गिब्सन येथे १९६६ मध्ये काळ्यांनी गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार घातला. दुकानांबाहेर माणसे उभी राहत, आत जाणाऱ्या काळ्यांची नावे टिपून घेत, आणि ती चर्चमधल्या सभेत वाचून दाखविली जात, छापलीही जात. पुढारी चार्ल्स एव्हर्स यांनी फितुरांना मान मोडण्याची भाषाही वापरली होती. दुकानदारांनी भरपाईचा दावा जिंकला होता. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उलटवला. नावे वाचणे, लाजविणे, दडपण आणणे हे भाषणस्वातंत्र्यात बसते, असे ठरले. या आधारावर मार्च २००१ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने डॉक्टरांच्या विरुद्ध निकाल दिला.

आमच्या चळवळीच्या दृष्टीने हा प्रसंग अडचणीचा आहे, आणि म्हणूनच तो टाळू नये. एका हाताने म्हणायचे की आमची यादी मागू नका, दुसऱ्या हाताने फितुरांची यादी वाचायची. हे दुटप्पी नाही का? माझ्या वर्गात एका विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला होता. याचे उत्तर तत्त्वाच्या पुस्तकात शोधून मिळणार नाही. यादी वाचली गेल्यावर पुढे काय घडते, यात ते आहे. मे २००२ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच मतांनी पुन्हा डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. न्या. पामेला रायमर यांचा युक्तिवाद असा : पोर्ट गिब्सनमध्ये नावे वाचल्यावर एकामागून एक खून पडल्याचा इतिहास नव्हता, इथे तीनदा भित्तिपत्रकामागोमाग प्रेत पडले आहे, आणि छापणाऱ्याला तो अर्थ पुरता ठाऊक आहे. पोर्ट गिब्सनमध्ये अगदीच हिंसा झाली नाही असे म्हणता येणार नाही. विटा आणि गोळ्या तिथेही झाल्या. पण भूमिहीन माणसाने उगारलेली वीट आणि सगळी व्यवस्था पाठीशी असलेल्याची यादी यांतला फरक बहुमताच्या न्यायाधीशांना निदान दिसला, पाच जणांना दिसला नाही.

आपल्याकडे ही दोन्ही टोके एकाच शब्दात आहेत : बहिष्कार. गावकीने महारवाड्यावर घातला तोही बहिष्कार. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब होते, आणि तिच्या अहवालाने या शस्त्राची नोंद केली आहे. महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करायला २०१६ साल उजाडावे लागले.

न्यायालयांबरोबर कायदेमंडळांनीही काही केले, ते थोडक्यात सांगतो. गाडीच्या नंबरावरून परिवहन खात्याकडून डॉक्टरांचे घरपत्ते काढले जात. १९९४ च्या संघराज्य कायद्याने ही वाट बंद केली. त्याच वर्षी दवाखान्याचा रस्ता अडविणे, धमकाविणे हा गुन्हा ठरला. कॅलिफोर्नियाने मारकुट्या नवऱ्यापासून पळालेल्या बायकांना सरकारी बदली पत्ता देण्याची जी योजना काढली होती, ती २००२ मध्ये गर्भपात सेवेतल्या कामगारांनाही लागू केली. तरीही २००९ मध्ये डॉ. जॉर्ज टिलर विचिटा येथे चर्चमध्ये मारले गेले. कागदाने पत्ता झाकला जातो, चर्चमधले रविवारचे बाक नाही.

भारतात या कामासाठी डॉक्टरांचे खून पडलेले नाहीत, म्हणून आपला कायदा निराळ्या वाटेने गेला. १९७१ च्या कायद्याखालील नियमांनी दाखल बाईचे नाव असलेले रजिस्टर गुप्त ठरविले. २०२१ च्या दुरुस्तीने तिचे नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद ठेवली. मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र पॉक्सो कायद्याने डॉक्टरने पोलिसांना कळविणे सक्तीचे. त्या भीतीने वस्तीतल्या मुली दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि कित्येक डॉक्टर हात लावत नाहीत. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितले की मुलीची आणि पालकांची तशी विनंती असेल तर डॉक्टरने कळविताना तिचे नाव-ओळख देण्याची गरज नाही. तालुक्याच्या ठाण्यात हा निकाल कितीजणांनी वाचला असेल, हा भाग वेगळा.

पण या सगळ्या पडद्याआड एक बाई नाहीच. माझ्या आजीने गावातल्या निम्म्या घरांची बाळंतपणे केली. वाड्यावरच्या बायकांनाही ती अंगणातून, मागच्या दाराने लागे. नको असलेल्या दिवसांसाठी रात्री तिलाच निरोप येई आणि सकाळी तिला कोणी ओळखत नसे. तिचे नाव कुठल्याही रजिस्टरात नाही, गुप्त किंवा उघड. १८६० च्या दंडसंहितेने तिला गुन्हेगार केले. १९७१ च्या कायद्याने सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण दिले ते नोंदणीकृत डॉक्टरला. २००२ च्या दुरुस्तीने बिगरनोंदणी हातांना दोन ते सात वर्षे सक्तमजुरी ठेवली. अघोरी उपायांनी बायका मरतात, त्यामुळे शिक्षा असावी हे मला मान्य आहे. पण ज्या जातींना शतकानुशतके हे काम करायला लावले, त्यांच्या बायकांना शिकवून नोंदीत घ्यावे, हा विचार त्या कलमात कुठेच नाही.

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'रो' चा निकाल मोडला. त्याच्या आगेमागे डॉक्टरांचे नाव-पत्ते आणि रुग्णांची कागदपत्रे परराज्याच्या हाती जाऊ न देणारे कायदे कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि पुढे इतर राज्यांनी केले. न्यूयॉर्कची बाटली त्याच मालिकेतली. दुसऱ्या बाजूला अलाबामाच्या सरकारी वकिलाने जाहीर केले की बाईला परराज्यात जाऊन गर्भपात करून घ्यायला मदत करणाऱ्यांवर कटाचा खटला भरता येईल. प्रवासखर्च देणाऱ्या 'यलोहॅमर फंड' या संस्थेने आणि काही दवाखान्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. हा दावा चालला तो माँटगोमेरीतच, जिथे १९५६ साली सभासदांची यादी मागितली गेली होती. न्यायाधीश होते मायरन थॉम्प्सन, अलाबामातलेच काळे गृहस्थ. ३१ मार्च २०२५ रोजी त्यांनी निकाल दिला की अशा मदतीसाठी राज्याला खटला भरता येणार नाही.