तळघरात संपलेला बँड

आज पोस्ट-हार्डकोर, आणि बँड एकच: रिफ्यूज्ड.

उत्तर स्वीडनमधलं उमेओ. 1991 ला तिथे हा बँड सुरू झाला. गायक डेनिस लिक्सेन, ड्रम्सवर डेव्हिड सँडस्ट्रॉम. कडवे डावे विचार, दारू-सिगरेटला हात नाही, आणि सुसाट, आरडाओरड्याचं हार्डकोर. इथपर्यंत असे बँड पुष्कळ होते.

1998 ला 'द शेप ऑफ पंक टू कम' आला. नाव ऑर्नेट कोलमनच्या 1959 च्या जॅझ अल्बमवरून उचललेलं. हेडफोन लावूनच ऐका. किंचाळणं आहेच, पण मध्येच सगळं थांबतं नि जॅझचा बास सुरू होतो, कुठे व्हायोलिन, कुठे इलेक्ट्रॉनिक बीट्स. म्हणणं असं, की क्रांतीच्या गप्पा मारायच्या आणि संगीत मात्र कालचंच वाजवायचं, हे ढोंग झालं. मला हे आजही पटतं.

तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. अमेरिका दौऱ्यात आपसात फाटलं. त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गमध्ये, एका घराच्या तळघरात, शेवटचा शो. तोही पोलिसांनी मध्येच बंद पाडला! बँडने पत्रक काढून जाहीर केलं, आता पुन्हा कधीच नाही.

आणि मग अल्बम हातोहात पसरला. बँड नाही, पण पोरं त्याच्यावर गिटार शिकतायत. 2012 ला हेच लोक कोचेला महोत्सवात उभे. शब्द फिरवला? हो, सरळ फिरवला. पण ज्या गाण्यांना तळघर मिळालं, त्यांना एकदा मोठं स्टेज मिळालं, म्हणून मी तक्रार करत नाही. 2024 ला त्यांनी पुन्हा निरोप घेतला, उमेओतच. या वेळी पोलीस आले नाहीत.