पाकिटाच्या जाडीवरून

लहानपणी आई फोनवर बोलत असली की आतल्या खोलीत शब्द कळायचे नाहीत, पण पलीकडे मावशी आहे की बँकवाला, हे मात्र बरोब्बर ओळखता यायचं. नुसत्या बोलण्याच्या हेलावरून. इंटरनेटवरच्या एन्क्रिप्टेड कॉल्सचंही तसंच झालं, आणि तेही दोन शहाण्या निर्णयांमुळे.

पहिला निर्णय आवाज दाबण्याचा. स्पीक्ससारखा कोडेक बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो. 'व्हेरिएबल बिट रेट' चालू असेल तर स्वरांना जास्त बिट्स, 'स'-'फ'सारख्या आवाजांना कमी. बँडविड्थ उगाच कशाला उधळा? दुसरा निर्णय एन्क्रिप्शनचा. २००४ साली आलेल्या एसआरटीपीत आवाजाचे जितके बाइट्स आत, तितकेच बाहेर. इथेही काटकसरच.

आता दोन्ही एकत्र करा. पाकीट सीलबंद, पण जाडी जशीच्या तशी!

२००७ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या चार्ल्स राइट, फेबियन मॉनरोझ वगैरे मंडळींनी फक्त पॅकेट्सच्या लांबीवरून बोलणाऱ्याची भाषा ओळखून दाखवली. २१ भाषांमधून अचूकता ६६ टक्के. डोळे मिटून बोट ठेवलं तर ५ टक्केही येणार नाही. यादीत हिंदी होती, तमीळ होती. मराठी नव्हती. (यावर रुसावं की हुश्श म्हणावं?)

भाषा कळली तर काय बिघडलं, असं मलाही वाटलं होतं. पण २००८ साली याच मंडळींनी पुढचं पाऊल टाकलं. हव्या त्या वाक्याचे उच्चार जोडून एक नमुना बनवायचा आणि तो पॅकेट्सच्या रांगेत शोधायचा. बोलणाऱ्याचा आवाज आधी ऐकलेला असायची गरजच नाही! सरासरी अचूकता ५० टक्के, काही वाक्यांना ९०च्या वर. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ रेकॉर्डिंगवर, हे मान्य. पण पत्रकाराला गुपचूप माहिती देणाऱ्याला हे कसं सांगणार? तो तर कॉल सुरक्षित आहे म्हणूनच बोलतोय.

उपाय तसा सोपा आहे, सगळी पाकिटं सारखीच जाड करा. म्हणजे वाचवलेली बँडविड्थ परत घालवा. मार्च २०१२ मध्ये आरएफसी ६५६२ आला. ठरावीक रेकॉर्डेड संदेश किंवा फार नाजूक बोलणं असेल तर बदलता बिट रेट टाळा, असं त्यात सांगितलंय. लेखक दोन : कॉलिन पर्किन्स आणि जाँ-मार्क व्हॅलिन. स्पीक्स लिहिणारा व्हॅलिन तो हाच.