अमली पदार्थांविरुद्धचा लढा : यश कशाला म्हणायचं?



संयोजकांनी विषय दिला तो प्रश्नाच्या रूपात. अमली पदार्थांविरुद्धचा लढा कधी यशस्वी होईल का? तत्त्वज्ञानाच्या मास्तराला असा प्रश्न दिला की तो आधी प्रश्नच सोलायला बसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. 'यशस्वी' या शब्दाकडे मी येणारच आहे. पण आधी इतिहास सांगतो, कारण हा लढा आपल्या मुलखाला नवा नाही. त्यात एक मोठी हार आणि एक बऱ्यापैकी जीत, दोन्ही एकाच राज्यात, एकाच दशकात झालेल्या आहेत. हारीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. जितीची कोणी सांगत नाही.

सुरुवात आजपासून करू. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा, म्हणजे ज्याला सगळे 'एमडी' म्हणतात त्याचा, मोठा साठा पकडला. सगळा मिळून दीड हजार किलोच्या वर. कारखाना दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत होता, आणि त्यातला शंभर किलोहून जास्त माल निघाला आपल्या सांगलीच्या कुपवाडमध्ये. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलीस कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत पोचले, तिथेही एमडी. आणि डिसेंबर २०२५ मध्ये जावळी तालुक्यातलं सावरी, म्हणजे आपल्या कोयनेच्याच पाण्याच्या वरच्या अंगाचं गाव. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांचे पाहुणे त्या बाजूला असतील. या खटल्यांबद्दल मी काही बोलणार नाही, ते कोर्टाचं काम. मला बोलायचंय ते बातमीबद्दल. बातमीत काय असतं? किलो आणि कोटी. इतके किलो पकडले, बाजारभावाने इतके कोटी. आणि आपण वाचून म्हणतो, वा, चांगलं काम केलं!

काम चांगलंच केलं. पण त्या आकड्यावरून लढा जिंकत आलो की हरत आलो हे काहीच कळत नाही. तळ्यातून दहा मासे धरले म्हणून तळ्यात मासे कमी झाले, असं कोळी कधी म्हणत नाही. जास्त मासे मिळाले, तर मासे जास्त आहेत असंही तो म्हणेल.

एमडीची अडचण आणखी वेगळी आहे. अफूला शेत लागतं, गांजाला झाड लागतं, दारूला गूळ किंवा मोह लागतो आणि भट्टीचा वास सुटतो. शेत दिसतं, वास येतो. एमडीला शेत नको. बंद पडलेली शेड, चार पिंपं आणि थोडंफार रसायनशास्त्र शिकलेला एक माणूस एवढ्यावर भागतं. त्याला लागणारी रसायनं औषधांच्या आणि रंगांच्या कारखान्यांतही जातात, ती बंद करता येत नाहीत. आपल्या देशात मेफेड्रोन कायद्याच्या यादीत आलं ते फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर हा पदार्थ बाळगणाऱ्याला त्या कायद्याखाली धरता येत नव्हतं. पदार्थ पुढे आणि कायदा मागे, ही शर्यत जगभर अशीच चालली आहे. १९९८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने दहा वर्षांत जग अमली पदार्थांपासून मुक्त करू, अशी घोषणा केली होती. २००८ साल आलं आणि गेलं.

आता मागे जाऊ. या मुलखात अमली पदार्थांविरुद्धची पहिली मोठी सरकारी मोहीम काढली ती ईस्ट इंडिया कंपनीने, आणि कारण नीतीचं नव्हतं, मक्तेदारीचं होतं. बंगाल-बिहारची अफू कंपनीची. पण होळकर-शिंद्यांच्या माळव्यात शेतकरी अफू पिकवत, सावकार ती उचलत आणि दमणच्या पोर्तुगीज बंदरातून ती चीनला जाई. कंपनीच्या लेखी ही तस्करी. १८१८ नंतर, म्हणजे पेशवाई संपल्यावर, कंपनीने संस्थानिकांशी करार केले, नाकी बसवली, माल जप्त केला, शेवटी स्वतःच माळव्याची अफू विकत घेऊन बाजार कोंडून पाहिला. उपयोग झाला नाही. उंटांचे तांडे पाली, जैसलमेरवरून वळसा घालून कराचीला जाऊ लागले. इतिहासकार अमर फारुकींनी या तस्करीवर पुस्तकच लिहिलं आहे. १८३० च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि म्हणाली, ठीक आहे, मुंबईतूनच न्या, पण पेटीमागे १७५ रुपये द्या. पुढे सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली, तेव्हा हाच दर १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. वाट बंद करायला एक आख्खा प्रांत ताब्यात यावा लागला, आणि तो आल्यावर सरकारने अफू थांबवली नाही, दर वाढवला. ज्या मुंबईचा आपल्याला अभिमान आहे तिच्या कित्येक इमारती आणि दानधर्म या व्यापारातल्या पैशावर उभे आहेत. हे बोलायला अवघड, पण खरं आहे.

दारूचं तेच झालं. १८७८ च्या आबकारी कायद्याने घरोघरची, गावोगावची भट्टी बेकायदा ठरली आणि ठेकेदाराची कायदेशीर. महात्मा फुले पुणे नगरपालिकेत असताना १८८० साली त्यांनी लेखी तक्रार केली की शहरात दारूची दुकानं वाढताहेत. १९०८ साली टिळकांच्या कार्यकर्त्यांनी पुण्यात दारूदुकानांसमोर पहारे दिले. सरकारला राग आला, कारण आबकारी हे प्रांताच्या तिजोरीतलं मोठं गाठोडं होतं. म्हणून काँग्रेसच्या डोक्यात बसलं की दारू म्हणजे इंग्रज, इंग्रज गेला की दारू जाईल.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दारूबंदी आली. मंत्री होते डॉ. गिल्डर, स्वतः हृदयरोगाचे नावाजलेले डॉक्टर. नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदी विरघळली. स्वातंत्र्यानंतर मोरारजीभाईंनी १९४९ चा दारूबंदी कायदा केला, १९५० पासून मुंबई प्रांतभर पूर्ण बंदी. पुढची गोष्ट तुमच्या वाडवडिलांनी सांगितली असेल. हातभट्टी. नवसागर. मुंबईत झोपडपट्टीत दादा लोक तयार झाले, हप्ता हा शब्द घराघरात गेला. परवाने होते, पण ते विदेशी दारूचे. ते मिळवायला डॉक्टरचा दाखला लागे आणि तो ज्याला मिळे त्याला मिळे. ऊसतोड्याला किंवा गोदी कामगाराला कोण दाखला देणार? तो भट्टीवर गेला. साठच्या दशकात बंदी सैल झाली. १९७३ साली देशी दारूचे नियम आले आणि सरकारमान्य देशी दारूची दुकानं गावात आली. गंमत अशी, की तो १९४९ चा कायदा आजही लागू आहे आणि कागदोपत्री महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. किती जणांच्या खिशात आहे, हात वर करायला सांगत नाही.

ही झाली हार. आता जीत.

१९४९ सालीच दिल्लीत अफूविषयी एक परिषद भरली. त्या काळी अफू खाणारे देशभर होते. म्हातारे सांधेदुखीला खात, थंडीवाऱ्यात राबणारे खात. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला 'बाळागोळी' देत, म्हणजे आई पाळीवर असेपर्यंत पोर झोपून राही. १९३१ च्या व्हिटली कामगार आयोगानेही याची दखल घेतली होती. त्या परिषदेत ठरलं की पुढच्या दहा वर्षांत अफूची विक्री दरसाल थोडी थोडी कमी करत न्यायची आणि मार्च १९५९ अखेर औषधाखेरीज बंद करायची. ज्याचं अफूशिवाय भागत नाही त्याने डॉक्टरी तपासणी करून घ्यायची, नाव नोंदवायचं आणि मापाने अफू घ्यायची. नवीन व्यसन लावायला परवाना नाही, जुनं व्यसन सांभाळायला आहे.

यात काय काय नव्हतं, तेही बघा. भाषणं नव्हती, धाडी फारशा नव्हत्या. वही होती. वहीत माणसाचं नाव, माप, तारीख. त्याला चोर म्हटलेलं नव्हतं, म्हणून तो लपला नाही. तो लपला नाही, म्हणून विकणाऱ्याला रात्रीचं गिऱ्हाईक मिळालं नाही. म्हातारे वारले, त्यांची मुलं अफूकडे गेली नाहीत. बाळागोळी आज कुणाच्या घरात नाही, आणि ती घालवण्यासाठी कुठला मोर्चा निघाल्याचं तुम्ही ऐकलेलं नाही. ती जायला पाळणाघरं, दवाखाने, गिरणीतल्या बायकांची कमी झालेली संख्या, अशी इतरही कारणं होती, हे मान्य. राजस्थानात लग्नाकार्यात अफू आजही दिसते, तेही मान्य. पण आपल्याकडचा रोज अफू खाणारा म्हातारा संपला. तो तुरुंगात जाऊन संपला नाही, आपल्या घरी संपला.

मला कुणी विचारतं, मग प्रतिसरकारने दारू बंद केली ती कशी? चांगला प्रश्न आहे, कारण ते आपल्याच जिल्ह्यात घडलं, जेव्हा सातारा आणि सांगली एकच होते. १९४३ ते ४६. नाना पाटील, किसन वीर, जी. डी. बापू, नागनाथअण्णा. त्यांनी गावोगाव दारू बंद केली आणि ती बरीचशी बंद राहिली. पत्रीची दहशत होती, ती नाकारायची नाही. पण निम्मं काम दहशतीचं नव्हतं. भट्टी कुणाची, पितो कोण, उधार कोण देतो, हे तुफानसेनेच्या पोराला ठाऊक होतं, कारण तो त्याच गल्लीतला. पोलिसाला ही माहिती खबऱ्याकडून विकत घ्यावी लागते. पुढे २००८ पासून बायकांच्या 'आडव्या बाटली'च्या मतदानात तेच बळ परत दिसलं. गावातल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. मात्र दुकान बंद झालं तरी पिणारा उरतोच, आणि दुसऱ्या गावी जायला त्याच्याकडे मोटारसायकल असते. दुकान बंद करणाऱ्या बाईच्या घरातच तो असतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आलं. १९८५ साली कडक कायदा आला, चार वर्षांनी तो आणखी कडक झाला, दहा वर्षांची किमान शिक्षा, काही गुन्ह्यांना फाशीसुद्धा. त्याच सुमाराला, ऑगस्ट १९८६ मध्ये, अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. देशपांड्यांनी पैसे दिले. एका बाजूला देशभराचा कायदा, दुसऱ्या बाजूला काही खाटा. आज चाळीस वर्षांनी हिशेब काय? 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं, की बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी एकाला कसले तरी उपचार मिळतात. दारूच्या बाबतीत तर अडतीस जणांत एक. एकोणीस जण वहीत नाहीतच. त्यांची वही ठेवतो तो विकणारा.

म्हणून 'यशस्वी' या शब्दाबद्दल माझं म्हणणं असं. पदार्थ नाहीसा करणं हे यश धरलं, तर लढा हरलेला आहे आणि हरलेलाच राहील. कंपनीला जमलं नाही, मोरारजींना जमलं नाही, अमेरिकेला जमलं नाही. चीनला १९५० नंतर जमलं म्हणतात, पण ते ज्या दंडुक्याने जमलं तो दंडुका आपल्याला हवा आहे का, ते ठरवा. पण नवीन माणूस लागू न देणं आणि लागलेल्याला नजरेसमोर ठेवणं हे यश धरलं, तर ते आपण एकदा मिळवलेलं आहे. ते मिळवायला दहा वर्षं लागली, आणि त्यात पेपरात फोटो येण्यासारखं काही नव्हतं.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर उद्या कुणी डॉक्टर मला गाठतील. अफूला माप देता येतं. हेरॉइनवाल्याला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देता येते, सरकारी केंद्रांतून ती दिली जाते. एमडीचं तसं नाही. त्याला बदली गोळी नाही. तिथे उरतं ते बोलणं, घरच्यांना धीर देणं, झोप आणि जेवण परत बसवणं, पुन्हा घसरला तर पुन्हा दाखल करून घेणं. हे काम तालुक्याच्या ठिकाणी करायचं तर समुपदेशक लागतो, मानसोपचाराचा डॉक्टर आठवड्यातून एकदा तरी लागतो. सावरीला पकडलेल्या मालाची जी किंमत छापून आली, तेवढ्यात असे किती समुपदेशक किती वर्षं पोसता येतील, हा त्रैराशिकाचा साधा हिशेब आहे. शाळेतल्या पोरांना घाला.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपली. प्रश्न असतील तर घेतो, फक्त आधी थोडं पाणी.