डोक्यावरून जाणाऱ्या तारा



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला सांगितले, "तू कॉम्प्युटरवाली, आपल्या भागात इंटरनेट कसे आले ते लिही." मी लगेच हो म्हटले. लिहायला बसल्यावर लक्षात आले की ही गोष्ट इंटरनेटपासून सुरू होतच नाही. आपल्या कर्जत-खालापूरच्या डोक्यावरून दीडशे वर्षांपेक्षा जास्त काळ तारा जात आहेत. प्रश्न नेहमी एकच राहिला आहे: ती तार खाली, घरापर्यंत, कोण उतरवणार?

कोंडाण्याला आमच्या ओट्यावर बसले की रात्री घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज येतो. भोर घाटातून मुंबई-पुणे रेल्वे १८६३ साली सुरू झाली. रुळांच्या कडेने तारायंत्राच्या तारा गेल्या. मुंबईचा निरोप बघता बघता पुण्याला पोहोचू लागला. उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या माणसाला मात्र शेजारच्या गावी निरोप द्यायचा तर चालतच जावे लागे.

मग वीज आली. भूगोलाच्या तासाला बाईंनी आपल्याकडून "खोपोली, भिवपुरी, भिरा" असे घोकून घेतले होते, आठवते? टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावरच्या धरणांचे पाणी मोठ्या नळांतून खाली यायचे, त्यावर वीज तयार व्हायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांकडे जायची. पाणी आपल्या डोंगरावरून खाली यायचे, केंद्रे आपल्या तालुक्यांत होती, आणि माझ्या आजीने लग्नानंतर कितीतरी वर्षे चिमणीच्या उजेडात भाकऱ्या थापल्या. परीक्षेत मी खोपोलीबद्दल पूर्ण गुण मिळवले, पण हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

टेलिफोनच्या बाबतीत थोडे वेगळे घडले. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने तिथल्या अभियंत्यांनी आपल्या उन्हाळ्यात आणि धुळीत टिकतील अशी छोटी ग्रामीण एक्स्चेंजेस तयार केली. त्यापाठोपाठ पिवळ्या पाट्यांचे पीसीओ जागोजागी दिसू लागले. पीसीओचे मोठेपण फक्त यंत्रात नव्हते. तिथे एक माणूस बसलेला असे. ज्या आजीला आकडे वाचता येत नसत तिच्या हातातली चिठ्ठी घेऊन तो नंबर लावून देई, "आजी, आता बोला" म्हणे आणि मीटरकडे बघून "आता आटपा" असेही सांगे. घरी फोन नसलेली माणसे त्याच्यामुळे फोन वापरत होती. आपल्या एसटी थांब्याजवळचा पीसीओ तुमच्या लक्षात असेलच. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी, १९९७ साली, तिथे केवढी रांग होती!

संगणकाची आठवण जरा गमतीची आहे. आपल्या वेळी तो पाहायचा म्हणजे चपला दाराबाहेर काढायच्या, कापड बाजूला होईपर्यंत थांबायचे आणि लांबूनच बघायचे. मी कीबोर्डला पहिला हात लावला तो अभियांत्रिकीला गेल्यावर. वसतिगृहात माझ्या खोलीतली मुलगी मुंबईची होती. तिच्या घरी संगणक होता. पहिले सत्र संपेपर्यंत मला वाटत होते की ती हुशार आहे आणि मी नाही. हा गैरसमज जायला दीड वर्ष लागले. आपल्यापैकी काहींचा तो कधीच गेला नाही आणि त्यांनी शिक्षण सोडले. साधन नसण्याचे हे सर्वांत मोठे नुकसान आहे असे मला वाटते. माणूस स्वतःलाच कमी समजू लागतो.

पुढे २००१ साली एमकेसीएल स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलींनी लग्नानंतर तिथेच पहिल्यांदा माउस धरला. त्याच सुमाराला रुळांच्या कडेने ऑप्टिकल फायबर टाकण्याचे काम सुरू झाले होते. पुन्हा तार तीच वाट धरून निघाली, मुंबईहून पुण्याकडे.

आता एक गोष्ट सांगते. ती आपल्याच रायगड जिल्ह्यातली असूनही आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ साली "प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप" ही मोहीम जाहीर केली. शंभर डॉलरचा, मुलाच्या स्वतःच्या मालकीचा, घरी न्यायचा लॅपटॉप अशी ती कल्पना होती. २००६ साली भारत सरकारने तिला नकार दिला. मुलांच्या शिक्षणाला याचा उपयोग किती, अशी शंका घेतली गेली आणि आधी वर्गखोल्या व शिक्षक हवेत असे म्हटले गेले. तरीही २००७ साली भारतातला या मोहिमेचा पहिला प्रयोग झाला, तो खैराट-धनगरवाडा इथल्या प्राथमिक शाळेत. शाळेत एकच खोली होती. पहिली ते चौथीची मिळून बावीस मुले होती आणि चारही वर्गांना एकच गुरुजी. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते लॅपटॉप जगभर गाजले, त्यांची छायाचित्रे सगळीकडे छापून आली. शंभर डॉलरची किंमत मात्र प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट झाली, आणि हा प्रयोग देशभर पसरला नाही.

मी या प्रयोगाकडे बरीच वर्षे यंत्र म्हणून बघत होते: प्रोसेसर कोणता, बॅटरी किती चालते. आता मला त्यातले गुरुजी दिसतात. एकट्याने चार वर्ग सांभाळणाऱ्या माणसाने ती नवी वस्तू आपलीशी केली म्हणून तिथे काही घडू शकले. लॅपटॉप परदेशातून पाठवता येतो, असा माणूस पाठवता येत नाही.

वारणानगरची कथाही अशीच आहे. १९९८ साली वारणा खोऱ्यातल्या सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रे उभी करण्याची मोठी योजना झाली. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिले, तर केंद्रांवर मुख्यतः उसाच्या नोंदींचे काम चालत होते. तेवढे काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवरही होते, हे त्यांनी काही गावांत करून दाखवले. गावाला काय हवे आहे हे आधी विचारले, तर महागडे यंत्र लागतेच असे नाही.

आकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भारतात इंटरनेटसह संगणक असलेली घरे शंभरात एकही भरत नव्हती. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक फक्त ४.४ टक्के घरांत होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर गेले.

त्या वर्षी मी पुण्याहून कोंडाण्याला येऊन राहिले होते. ऑफिसच्या मीटिंगसाठी देवळामागच्या टेपावर चढावे लागे. रेंज तिथेच येई. दुसऱ्या आठवड्यापासून ठाकूरवाडीतली चार-पाच मुले माझ्या मागे येऊन बसू लागली. त्यांच्या घरात मिळून एक फोन होता आणि तो बाप कामावर नेत असे. मी आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हाक दिली. तुम्ही अकरा जुने फोन पाठवलेत. मी त्यांत अभ्यासाची अॅप्स टाकली, मराठीत सूचनांचा कागद तयार केला, फोन वाटले, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. तुम्ही सर्वांनी अंगठे दाखवलेत.

त्यानंतरचे मी कधी सांगितले नाही. दिवाळीपर्यंत अकरांपैकी नऊ फोन बंद पडले होते. कुणाकडे रिचार्जला पैसे नव्हते, कुणाची काच फुटली, एक फोन मोठ्या भावाने कामासाठी नेला आणि ते योग्यच होते. सूचनांचा कागद घरातल्या कुणाला वाचता येत नव्हता. चूक माझी होती. मी यंत्रे वाटली आणि काम झाले असे समजले.

दोन फोन चालू राहिले, ते एका बारावी झालेल्या मुलीमुळे. ती रोज संध्याकाळी वाडीतल्या सगळ्या मुलांना ओट्यावर जमवायची, एक फोन मध्ये ठेवायची आणि धडा ऐकवून मग स्वतः समजावून सांगायची. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर "टिलीमिली" सुरू झाल्यावर ज्या घरी टीव्ही होता तिथे ती मुलांना नेऊन बसवू लागली. तिला कुणी सांगितले नव्हते. त्याच काळात सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले आणि जव्हार-मोखाड्यात ध्वनिवर्धकावरून पाठ ऐकवले गेले. त्याआधी २०१५ पासून "इंटरनेट साथी" उपक्रमातल्या बायका टॅब घेऊन गावोगाव इतर बायकांना शिकवत होत्याच. या सगळ्यांत साधने वेगवेगळी होती, पण प्रत्येक ठिकाणी कुणीतरी रोज येणारे होते.

आज रेंज बरीच सुधारली आहे. पण अडचण संपलेली नाही, तिची जागा बदलली आहे. सातबारा ऑनलाइन आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन आहे. ओटीपी म्हणजे काय आणि तो कुणाला सांगू नये, हे न समजलेल्या आमच्या शेजारच्या काकूंचे गेल्या वर्षी पैसे गेले. त्यांच्याकडे स्मार्टफोन होता, पण विचारायला जवळ कुणी नव्हते.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला टॅब द्यावेत असा प्रस्ताव आहे. माझी विनंती आहे की टॅब थोडेच घ्यावेत. उरलेल्या पैशांतून स्थानिक मुला-मुलींपैकी दोघांना वर्षभर मानधन द्यावे आणि रिचार्जची तरतूद करावी. आठवड्यातून तीन संध्याकाळी शाळेचा एक वर्ग गावासाठी उघडा राहील. मुले अभ्यासाला येतील, मोठी माणसे अर्ज भरायला आणि शंका विचारायला येतील. ज्यांना जमेल त्यांनी महिन्यातून एक शनिवार द्यावा. माझा दुसरा शनिवार नक्की समजा. त्या बारावीच्या मुलीला मी विचारले आहे. ती तयार आहे, फक्त पहिल्याच महिन्यापासून मानधन वेळेवर मिळावे एवढे तिचे म्हणणे आहे. ते मला रास्त वाटते.

फोटोसाठी ही कल्पना तितकी चांगली नाही, हे मला ठाऊक आहे. कुणाला पटत नसेल तर जेवणानंतर माझ्याशी जरूर भांडायला या. मी दुसऱ्या रांगेत, तेव्हासारखीच खिडकीजवळ बसलेली असेन.